ग्यानोबा डायवरची दाढ

चाकूर
१८ नोव्हेंबर २०२४

न्हाई गं बाई, मेला न्हाई तो ग्यानोबा. चांगला धडधाकट हाय. काल बसस्टँडवर उभा राहून रिक्षावाल्यांना गाडी कशी वळवायची ते शिकवून राहिला होता. तुझी चिठ्ठी वाचली आन तशीच पायात चप्पल घालून बघायला गेले. म्हणले, "नांदेडहून डॉक्टरीणबाईनं इचारलंय, जित्ते हाव का?" तर म्हणतो, "जित्ता हाव म्हणून कळवा. पण दाढ जिथल्या तिथंच हाय."

आता पुसलं का डोळे? पूस.

तू लिहिलंस, आत्या फोनवर धड बोलत न्हाई. कशी बोलू? आमच्या घरात फोनवर एक बोलतो आन सगळे ऐकतात. आनंदराजचा बाप गेला तवापासून घर सूनबाईच्या हातात, आन तिला ते स्पीकरचं बटण लई आवडतं. तू तिकडं रडायलीस आन हिकडं आनंदराज, सूनबाई आन शेजारच्या दोघी चहा पिऊन राहिल्या, बरं दिसतं का? त्यापरीस चिठ्ठी बरी. गावच्या शाळेत गुरुजीनं छडी मारून अक्षर गिरवून घेतलं, ते कवा कामाला यायचं?

पण विशाखा, मला सगळं नीट लिही. ग्यानोबा जे सांगतो ते खरं वाटत न्हाई. म्हणतो, "डॉक्टरीणबाईनं सुई टोचली आन मी थेट पुण्याच्या डेपोत जागा झालो." एसटीचा रिटायर डायवर, त्याला मरतानाबी डेपोच दिसणार. अख्खं चाकूर दात काढायला लातूरला जातं. मी एकटी माणसं धरून धरून नांदेडला धाडते, कशापायी? भावाची लेक हाय, तिचा दवाखाना चालावा म्हणून. आन मी धाडलेलाच तुझ्या खुर्चीत आडवा झाला व्हय?

सगळ्यांना जयभीम. जेवत जा.

तुझी
चांगुणाआत्या

*

नांदेड
२७ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तो जिवंत आहे हे मला माहीत होतं. त्यांच्या मुलाला मी रोज फोन करत होते. तरी तू स्वतः बघून लिहिलंस तेव्हा कुठे घास उतरला.

काय झालं ते सांगते. ग्यानोबा सकाळी शुगरची गोळी घेऊन, उपाशी पोटी बसमध्ये बसले. मला दोन्ही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अलीझा, माझी काउंटरवरची मुलगी, तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि आत पाठवलं. इंजेक्शन दिलं, दोन मिनिटं गेली आणि ते घामानं चिंब झाले. मग काहीतरी तिसरंच बोलायला लागले. तिकीट मागत होते, आत्या. माझ्याकडे, चाकूरचं एक फुल तिकीट. मला हसू आलं. विनोद करतात असं वाटलं. आणि तेवढ्यात मान टाकली.

औषधांची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझा मदतनीस मल्लेश, त्याच्या खिशात आणि मल्लेश खाली चहा आणायला. ऑक्सिजनचं सिलिंडर कोपऱ्यात होतं, पण ते उघडायचा पाना सापडेना. बाहेर बसलेली सगळी माणसं आत घुसली. कुणी कांदा मागत होतं, कुणी तोंडात पाणी ओतत होतं. आणि मी, पाच वर्षं शिकलेली, त्यांचा हात धरून नुसती उभी. समोरच्या फिजिशियन सरांनी धावत येऊन शिरेतून ग्लुकोज दिलं म्हणून वाचले.

त्या दिवसापासून मी एकही दाढ काढलेली नाही. दात साफ करते, सिमेंट भरते. काढायचा असला की दुसरीकडे पाठवते. सिरिंज हातात घेतली की बोटं थरथरतात. एका कॉलेजात शिकवायची नोकरी आहे, पुण्याकडे. मार्चअखेरपर्यंत हो-नाही कळवायचंय. दवाखाना बंद करावा असं मनात आहे. बाबांना अजून बोलले नाही. तू पण बोलू नकोस.

ग्यानोबांना माझ्याकडून माफी सांग.

विशाखा

*

चाकूर
९ डिसेंबर २०२४

डॉक्टरीणबाई,

माफी सांगितली. म्हणतो, "माफी कशाची? गाडी एकदा बंद पडली म्हणून डेपो बंद करतेत का?" मग दाढ धरून बसला. लई ठणकून राहिलीय त्याची. लातूरला जा म्हणले तर न्हाई म्हणतो. "जिनं सुरू केलं तिनंच संपवायचं," म्हणतो. डायवर लोकांचं असंच असतंय, एकदा रूट ठरला की ठरला.

उपाशी का गेलता ते इचारलं मी त्याला, चांगलं खडसावून. मागं त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तवा तिथल्या बाईनं सांगितलं होतं, काही खाऊन येऊ नका. त्याला वाटलं सुई म्हणली की उपासच. आन एवढ्यावर थांबला न्हाई, गल्लीतल्या सगळ्यांना हेच सांगून राहिला होता! वैजनाथची बायको परवा नातवाला गोवराचं इंजेक्शन द्यायला उपाशी घेऊन गेली. लेकरू रडून रडून काळंनिळं.

आन शुगर का सांगितली न्हाई? तर म्हणतो, "दाताच्या डॉक्टरला शुगर कशाला सांगायची? मी काय मेकॅनिकला घराचं लाइटबिल दाखवतो का?" मी म्हणले, "दाखवत जावा. उद्या मेकॅनिक करंट लागून मेला तर?" त्याची बायको गेल्यापासून त्याला गप बसवणारी मीच एकटी हाय चाकुरात.

हे सगळं मी भाजी आणायला गेले तवा झालं. त्याचं घर मंडईच्या वाटेवरच पडतंय. थोडा वळसा घालून.

तू पुण्याकडं जाणार म्हणतेस, जा बाई. कॉलेजातली पोरं लई गुणाची असतात, कुणी खुर्चीत घामाघूम होत न्हाई. पण मग मी चाकूरच्या दुखऱ्या दाढा कुठं धाडू? सगळ्या गावाला सांगून ठेवलंय मी, माझी भाची दाढ काढते तर माणसाला कळतबी न्हाई. ग्यानोबाला खरंच कळलं न्हाई.

हसलीस का? हसली असशील तर दवाखाना बंद करू नको. एवढंच.

चांगुणाआत्या

*

नांदेड
२ जानेवारी २०२५

आत्या,

हसले. मल्लेशलाही वाचून दाखवलं, तो अजून "लाइटबिल, लाइटबिल" म्हणत फिरतोय.

एक सांगायचंय. मागच्या आठवड्यात इथं दाताच्या डॉक्टरांचं एक शिबिर होतं, दवाखान्यात अचानक कुणाला काही झालं तर काय करायचं यावर. मी मागच्या रांगेत बसले होते, तोंड लपवून. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांच्या औषधपेटीतली औषधं मुदत संपलेली आहेत?" कुणी हात वर केला नाही. मग म्हणाल्या, "घरी जाऊन बघा आणि मग खरं सांगा." मी येऊन बघितलं. अर्धी पेटी फेकून दिली.

आता पेटी नवीन आहे, उघडी आहे, कुलूप नाही. पाना सिलिंडरला दोरीनं बांधलाय. कुणी काय करायचं ते ठरवलंय. मी पेशंटपाशी थांबायचं, मल्लेशनं पेटी आणि ऑक्सिजन आणायचा, अलीझानं १०८ ला फोन करून गर्दी बाहेर काढायची. पण मॅडम म्हणाल्या, नुसतं ठरवून होत नाही, खोटा पेशंट आणून करून बघा. तेही न सांगता.

मला ताबडतोब तू आठवलीस. शाळेत गणिताच्या तासाला तू कशी चक्कर येऊन पडायचीस ते बाबा अजून सांगतात.

येशील? अलीझानं तुला कधी बघितलेलं नाही, मल्लेशनंही नाही. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा ये, बाकड्यावर बस आणि पड. हे मी खेळ म्हणून करत नाहीये, आत्या. यातून पुढे जाता आलं नाही तर मी पुण्याला होकार कळवणार.

आणि तू ग्यानोबांकडे माझ्यासाठी इतके हेलपाटे घालतेस, मला वाईट वाटतं. तुझे गुडघे दुखतात.

विशाखा

*

चाकूर
२४ जानेवारी २०२५

विशाखा,

नांदेडहून आले आन दोन दिवस आंग दुखून राहिलं. बाकड्यावरनं पडायचं म्हणजे सोपं हाय का? शाळेत पडत होते तवा मी चौदा वर्षाची होते.

तू आतल्या खोलीत हातमोजे घालून, कुणी हाक मारतंय का त्याची वाट बघत होतीस. बाहेर काय काय झालं ते तुला कळलं न्हाई, म्हणून लिहिते. मी डोळे मिटून होते, पण एक डोळा बारीक उघडा ठेवला होता.

मी "आगं आई गं" म्हणून घसरले. पहिली ती हिमायतनगरची बाई, गाल सुजलेली, ती उठली. दाढदुखी बिढदुखी सगळी विसरली. आपली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. काय सांगू तुला तो वास! खरीच बेशुद्ध पडले असते. तिचा नवरा म्हणतो, "आंगात आलंय हिच्या, इचारा कोण हाय." मी मनात म्हणले, तुझी सासू हाय.

मग तो मल्लेश. पेटी आणायची सोडून तांब्या घेऊन आला आन माझं तोंड उघडायला लागला. मी दात घट्ट दाबून धरले. दाताच्या दवाखान्यात दात उघडेनात, बघ काय दिवस! तरी ओतायलाच लागला, तवा मला राहवलं न्हाई. म्हणले, "मुडद्या, बेशुद्ध माणसाला पाणी पाजतेत का? मारतोस का मला?" तो तांब्या टाकून "अम्मो!" करून पळाला. देगलूरचा हाय न्हवं तो, भ्याला की तेलुगू बोलतो. हिमायतनगरची बाई पाया पडायला लागली माझ्या. तिला पक्कं वाटलं, आंगात आलेलं बोललं.

आन तुझी अलीझा! गोड पोरगी. तिनं १०८ ला फोनच केला न्हाई गं. घाबरून तिनं भावाला लावला, शहेबाजला. "भाईजान, जल्दी आव, यहाँ एक खाला मर गई!" खाला म्हणजे मावशी, ती मीच. खाली पडल्या पडल्या ऐकून राहिले. तू बाहेर येईस्तोवर खाली टेम्पो उभा. तो शहेबाज टेम्पोत गादी टाकून, वर पांढरी चादर घेऊन आलेला. मला बसलेली बघून त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणतो, "खाला, आप तो..." मी म्हणले, "चादर चांगली हाय, ठेवून जा."

तू सगळ्यांना चहा पाजलास आन हात जोडून सांगितलंस, हे शिकण्यासाठी केलं, माफ करा. मला तवा तुझा चेहरा बघून बरं वाटलं न्हाई. डोळ्यात पाणी होतं तुझ्या. अगं, पहिल्यांदा गाडी शिकताना कोण खड्ड्यात घालत न्हाई? ग्यानोबा म्हणतो, त्यानं पहिल्या दिवशी डेपोची भिंत पाडली होती. पुन्हा बोलव मला. आता मी चांगली मरते. हार्टचं काही करायचं असलं तर तेबी करीन, तू फक्त कुठं हात धरायचा ते दाखव.

आन माझ्या गुडघ्याची काळजी करू नको. मंडई काय लांब न्हाई.

चांगुणाआत्या

*

नांदेड
२१ फेब्रुवारी २०२५

आत्या,

या महिन्यात तू आणखी दोनदा "मेलीस". दुसऱ्या वेळेला मल्लेशनं तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुला कुशीवर वळवलं, पाना शोधला नाही, हात थेट गेला. आणि कालच्या वेळेला अलीझानं फोन कानाला लावायच्या आधी त्या जाड गृहस्थांना सांगितलं, "अंकल, आप बाहर जाके रस्त्यावर उभे रहा, गाडीला हात दाखवा." बघ, ज्या माणसाला काही करायचंच होतं, त्याला काम दिलं. मला हे सुचलं नसतं. फोनवर पत्तासुद्धा बरोबर सांगितला. फोन अर्थात बंद होता, पण सांगितला.

आता आम्ही प्रत्येकाला आधी विचारतो. काय खाल्लं, कोणत्या गोळ्या घेता, मागं कधी चक्कर आली का. सुरुवातीला लोक चिडायचे. आता अलीझा फोनवर नंबर देतानाच सांगते, "जेवून या आणि गोळ्यांची पिशवी घेऊन या." एका आजोबांनी परवा अख्खा कोनाडा रिकामा करून आणला. त्यात गायीचं औषधही निघालं.

पण खरं सांगू? मी अजून एकही दाढ काढलेली नाही. तू मरतेस तेव्हा माझे हात स्थिर असतात, कारण मला माहीत असतं की तू मेलेली नाहीस. खऱ्या माणसाच्या तोंडात सुई न्यायची म्हणलं की ग्यानोबांचा तो चेहरा दिसतो, तिकीट मागणारा.

पुण्याला मार्चअखेरपर्यंत कळवायचंय. म्हणून ठरवलं. ग्यानोबांची दाढ मीच काढणार. ती काढता आली तर राहीन, नाही आली तर जाईन. त्यांना पाठव. नाही, तू सोबत घेऊन ये. तुझ्याशिवाय येणार नाहीत असं का कोण जाणे वाटतं.

विशाखा

*

चाकूर
२७ फेब्रुवारी २०२५

विशाखा,

येतोय. मंगळवारी.

ग्यानोबा घाबरलेत गं. तोंडानं म्हणतेत "मी हिवाळ्यातल्या धुक्यात घाटातनं गाडी उतरवलीय, मला काय भीती." पण काल जेवण गेलं न्हाई. आयुष्यभर डायवरच्या सीटवर बसलेला माणूस, दुसऱ्याच्या सीटवर आडवं व्हायचं आन ब्रेकबी आपल्या पायाखाली न्हाई, जीव जाणारच. मी म्हणले, "मी दाराशी बसते. कमी-जास्त वाटलं तर खोकला काढा." तर म्हणतेत, "तोंडात हात असताना कसा खोकू?" ते बी खरं.

मेथीची भाजी आन दोन भाकरी खाऊ घालूनच आणते. गोळ्यांची पिशवी माझ्या हातात राहील. त्यांच्या हातात दिली तर बसमध्ये इसरतील.

तू बी जेवून घे. तुझीबी परीक्षा हाय.

चांगुणाआत्या

*

नांदेड
९ मार्च २०२५

आत्या,

तू बाहेर बसली होतीस, दार लावलेलं होतं. आत काय झालं ते मलाच सांगितलं पाहिजे.

अलीझानं शुगर तपासली, व्यवस्थित होती. बीपी थोडं वर. मी सिरिंज हातात घेतली आणि हात थरथरला. ग्यानोबांनी बघितलं. म्हणाले, "बाई, क्लच हळू सोडा." आणि डोळे मिटून घेतले.

सुई दिली. मिनिटभर सगळं ठीक. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. घाम. ओठ कोरडे. आत्या, तीच खुर्ची, तोच माणूस, तोच घाम. पण मी हात बघितला तर हात त्यांच्या नाडीवर होता. कधी गेला मला कळलं नाही. मल्लेशनं मी सांगायच्या आधी खुर्ची आडवी करून पाय वर घेतले होते. ऑक्सिजन सुरू. अलीझानं पुन्हा बोटाला सुई लावली, शुगर चांगलीच होती. म्हणजे नुसती भीतीची चक्कर. कुणी ओरडलं नाही. कुणी पळालं नाही. बाहेर तुला ऐकूसुद्धा आलं नसेल.

थोड्या वेळानं डोळे उघडले आणि विचारतात, "कुठपर्यंत आलो?"

मी म्हणाले, "अहमदपूर गेलं."

ते हसले. खोलीतले आम्ही सगळेच हसलो. म्हणाले, "मग आता उतरायचं न्हाई. काढाच." त्यांना उठवून बसवलं, पुन्हा सगळं तपासलं, मी बराच वेळ थांबले आणि काढली. आत्या, अशी आली, जशी वाटच बघत होती. मुळासकट. हात एकदाही हलला नाही.

संध्याकाळी पुण्याला कळवलं, येत नाही. मग बाबांना फोन केला आणि एकाच दमात सगळं सांगितलं, आधीचं आणि आत्ताचं. ते आधी रागावले, मग म्हणाले, "चांगुणाला घेऊन मुंबईला जा, नाटकात काम मिळेल."

काल दोन दाढा काढल्या. आज एक.

आता मला एक सांग. आत घ्यायच्या आधी अलीझानं ग्यानोबांना गोळ्या विचारल्या, तेव्हा त्यांनी तुझ्याकडे बघितलं. आणि तू पिशवी न उघडता सगळं सांगितलंस. पांढरी बारकी जेवणाआधी, बीपीची अर्धी संध्याकाळी, पोटाची फक्त वांगं खाल्लं तर. आणि मुलाशी भांडण झालं की शुगरची गोळी मुद्दाम चुकवतात, हेही सांगितलंस. ते खाली मान घालून ऐकत होते. अलीझानं विचारलं, "आप कौन इनके?" तेव्हा तू म्हणालीस, "शेजारीण."

आत्या, तुझं घर स्टँडजवळ आणि त्यांचं मंडईपलीकडे. कसली शेजारीण? तुला इतकं कसं माहीत?

विशाखा

*

चाकूर
१६ मार्च २०२५

विशाखा,

तुझी चिठ्ठी वाचून आधी लई हसले. मग घराच्या मागं जाऊन थोडी रडले. दवाखाना राहिला, पोरी. तुझा हात स्थिर झाला. मी गावभर सांगितलं. ग्यानोबा त्यांची ती दाढ कागदात बांधून खिशात घेऊन फिरून राहिलेत, स्टँडवरच्या प्रत्येक माणसाला दाखवतेत, "बघा, मुळासकट!" लोक चहा पिता पिता तोंड वाकडं करतेत. या आठवड्यात तिघं जण तुझ्याकडं यायचं म्हणतेत, जेवून येतील, मी बजावलंय. वैजनाथच्या बायकोलाबी सांगितलं.

आनंदराज काल इचारून राहिला, "आई, तू एवढी नांदेडला कशाला जातेस?" म्हणले, "मरायला." त्याला कळलं न्हाई. सूनबाईला थोडं थोडं कळायला लागलंय, ती हल्ली माझ्याकडं बघून गालात हसते आन स्पीकरचं बटण दाबत न्हाई.

आता तू इचारलंस ते. चार वेळा कागद फाडला. तू इतकी चांगली, चिठ्ठीत लिहितीस, आत्या माझ्यासाठी हेलपाटे घालते, तिचे गुडघे दुखतात. मला खाल्लेलं पचेना.

त्या गोळ्या मला पाठ हायत कारण सकाळ-संध्याकाळ मीच देते. ते हेलपाटे तुझ्यासाठी नव्हते, बाई. तू इचारायच्या आधीपासून मी जाऊन राहिले होते. मला तो माणूस आवडतो, त्याला मी आवडते, आन पुढच्या महिन्यात आम्ही लगीन करून राहिलोय.

चांगुणा